‘संडेज अँड सिबेल’ (१९६२): हा सिनेमा आज कसा बघायचा?

गोदाकाठ

हा सिनेमा मी पहिल्यांदा पुण्यात शिकत असताना पाहिला. फिल्म सोसायटीचा रविवार सकाळचा खेळ होता, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. संपून दिवे लागले तरी कोणी उठेना. शेजारच्या अनोळखी काकूंनी काही न बोलता स्वतःचा रुमाल माझ्या हातात दिला. पुढे कित्येक वर्षं कोणी आवडता सिनेमा विचारला की मी हेच नाव सांगायचे, आणि समोरच्याला ते ठाऊक नसायचं.

परवा पुन्हा पाहिला. या वेळी आतल्या खोलीत माझी अकरा वर्षांची लेक झोपली होती. वीसेक मिनिटांनी मी सिनेमा थांबवला, उठून तिचं पांघरूण सारखं केलं आणि मग परत येऊन बसले.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगते, शेवटासकट, कारण शेवटाशिवाय बोलताच येणार नाही. पियर हा फ्रेंच वैमानिक. इंडोचायनाच्या युद्धात त्याचं विमान कोसळतं. कोसळताना समोर एका लहान मुलीचा घाबरलेला चेहरा दिसतो आणि आपण तिला मारलं असं त्याच्या मनात घट्ट बसतं. बाकीची स्मृती गेलेली. मादलेन नावाची नर्स त्याला सांभाळते, त्याच्यावर प्रेम करते. पॅरिसजवळच्या व्हिल दाव्रे गावात एका रात्री स्टेशनवर त्याला एक बाप आणि त्याची मुलगी दिसते. बाप मुलीला जोगिणींच्या, म्हणजे ख्रिस्ती नन्सच्या, निवासी शाळेत सोडून कायमचा निघून जातो. पुढच्या रविवारी पियर शाळेच्या दारात जातो, तिथल्या सिस्टरला वाटतं हाच बाप, आणि ती मुलीला त्याच्या हाती देते. तिथून दर रविवारी दोघं तळ्याकाठी फिरतात. मुलगी साधारण बारा वर्षांची, तो तिशीचा. नाताळच्या रात्री लोकांना वाटतं की हा मुलीच्या जिवावर उठलाय, आणि पोलीस त्याला गोळी घालतात.

तेव्हा मला पियर निर्दोष वाटला होता आणि जग क्रूर. परवा मात्र जगाची भीती मला समजत होती. तर प्रश्न असा: हा सिनेमा माझ्या मनात होता तसाच ठेवायचा, की त्याच्याशी भांडायचं?

अनवट

मस्त धागा! आधी थोडी माहिती देतो, कारण हा सिनेमा विसरला कसा गेला हीच एक कहाणी आहे.

मूळ नाव ‘ले दिमांश द व्हिल दाव्रे’, म्हणजे व्हिल दाव्रेचे रविवार. दिग्दर्शक सेर्ज बुर्गिन्याँ, हा त्याचा पहिलाच मोठा कथापट. त्याआधी १९६० साली ब्रह्मदेशातल्या एका बाल भिक्षूवर केलेल्या त्याच्या लघुपटाला कान चित्रपट महोत्सवात लघुपटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. ‘सिबेल’ला १९६३ च्या समारंभात परदेशी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्या वर्षी स्पर्धेत ब्राझीलचा जो सिनेमा होता तो कानमध्ये पाल्म दॉर हे सर्वोच्च पारितोषिक जिंकून आलेला, म्हणजे स्पर्धा किरकोळ नव्हती. छायाचित्रण आंरी दकाए, संगीत मोरिस जार. जारने त्याच वर्षी ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ही केला. तिकडे वाळवंटभर पसरलेला वाद्यवृंद, इकडे नुसती कुजबुज.

पण घरात, म्हणजे फ्रान्समध्ये, ते वारं ‘नूव्हेल व्हाग’चं, म्हणजे तिथल्या सिनेमातल्या नव्या लाटेचं होतं. त्या मंडळींना हातात कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरलेला, ओबडधोबड सिनेमा हवा होता. बुर्गिन्याँ त्यांच्या कंपूतला नव्हता आणि त्याची चित्रं फार देखणी होती. अमेरिकेत डोक्यावर घेतला, मायदेशी नाकं मुरडली. पुढे तो हॉलिवूडला गेला, तिथे जम बसला नाही. चांगली प्रत बरीच वर्षं मिळतच नव्हती. जुने सिनेमे डिस्कवर आणणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने २०१४ मध्ये काढली तेव्हा कुठे आमच्यासारख्यांना नीट बघता आला.

सुरपारंब्या

‘हटारी’ या आफ्रिकेतल्या प्राणी पकडणाऱ्यांवरच्या हॉलिवूडपटातला गोरा, निळ्या डोळ्यांचा जर्मन आठवतो? तोच हार्डी क्रुगर इथे पियर आहे. आमच्या बाबांनी ‘हटारी’ तीनदा पाहिला होता. त्यांना ‘सिबेल’ दाखवला तर म्हणाले, “हा गेंड्यामागे धावणारा माणूस इतका हळवा कधी झाला!”

समुपदेशिका

मी चौदा वर्षं शाळांमध्ये मुलांबरोबर काम करते, नाशिक जिल्ह्यात. सिनेमा पाहिला आहे. गोदाकाठ, तुम्ही उठून पांघरूण सारखं केलंत ना, त्या हाताचं ऐका.

स्पष्टच बोलते. अनोळखी प्रौढ पुरुष, खोटी ओळख, ठरलेला वार, “हे आपल्या दोघांचं गुपित”, भेटवस्तूंची देवाणघेवाण, आणि मुलीला दुसरं कोणीही नसणं. यातली प्रत्येक गोष्ट मी प्रशिक्षणात शिक्षकांना धोक्याची खूण म्हणून शिकवते. पियरच्या मनात पाप नाही हे मला मान्य आहे. पण ते मला कळतं कारण कॅमेरा मला त्याच्या मनात नेतो. शाळेच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला कॅमेरा मिळत नाही.

आणि दुसरं. ती मुलगी त्याला म्हणते की मी अठरा वर्षांची झाले की आपण लग्न करू. लोक याला गोड म्हणतात. मला ते ऐकवत नाही. सोडून दिलेलं मूल समोरच्याने आपल्याला परत सोडू नये म्हणून जे जे माहीत आहे ते सगळं देऊ करतं. बायका पुरुषांना धरून ठेवतात ते लग्नाने, एवढं तिने मोठ्यांच्या जगात पाहिलेलं असतं. म्हणून ती ते देऊ करते. ती प्रेमात पडलेली नाही, ती घाबरलेली आहे.

मुलूखगिरी

समुपदेशिका, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण हा म्हणजे सिनेमाला चौकशी समितीपुढे उभं करण्याचा प्रकार झाला. सगळ्याच कलाकृतींना आजचा कायदा लावायला लागलो तर उरणार काय? पियर स्वतःच मनाने दहा-बारा वर्षांचा आहे. दोन मुलं खेळतायत, बस्स.

समुपदेशिका

दोन मुलं खेळतायत हे खरं असतं तर मला काहीच म्हणायचं नव्हतं. पण एकाच्या अंगात तिशीच्या पुरुषाची ताकद आहे. जत्रेतल्या प्रसंगात त्याचं भान सुटतं आणि तो माणसांवर हात टाकतो. ‘मनाने लहान’ असल्याने हात लहान होत नाही.

बोरघाट

मी इथे फारसं लिहीत नाही. पण पियरबद्दल लिहावंसं वाटलं.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. घरटी एक माणूस फौजेत. माझे धाकटे काका १९७१ च्या लढाईहून परत आले तेव्हा शरीराने धडधाकट होते. पण मोठ्या माणसांत बसेनात. जेवणाच्या पंगतीत बसले की कोणीतरी विचारायचंच, “कसं होतं तिकडं?” आणि ते ताटावरून उठायचे. आम्हा पोरांत मात्र ते तासन् तास गोट्या खेळायचे. मी सात वर्षांचा होतो. त्यांचा नेम फार चांगला, पण मुद्दाम हरायचे. एकदा माझी गोटी विहिरीजवळच्या दगडावर आपटून फुटली, टचकन आवाज झाला, तर काका एकदम जमिनीवर पालथे झाले. थोड्या वेळाने उठून कपडे झटकले आणि म्हणाले, “चल, तुझा डाव.” मी पण काही विचारलं नाही. डाव खेळलो.

पोरं विचारत नाहीत, म्हणून ते पोरांत बसायचे. हे मला वयाच्या पन्नाशीत हा सिनेमा पाहताना कळलं. पियरला ती मुलगी कशाला हवी? ज्या चेहऱ्याला आपण मारलं असं त्याला वाटतं तो चेहरा समोर जिवंत चालतो-बोलतो आहे, आणि युद्धाचं काही विचारत नाही, एवढ्यासाठी.

फ्रान्सने इंडोचायनात १९४६ पासून आठ वर्षं लढून १९५४ ला दिएन बिएन फूला हार खाल्ली, लगोलग अल्जीरियाचं युद्ध, ते संपलं १९६२ ला. म्हणजे हा सिनेमा आला तेव्हा असले कितीतरी पियर गावोगाव परत येत होते. त्यांच्याशी काय बोलायचं ते कोणाला माहीत नव्हतं.

सुरपारंब्या

बोरघाट काका, “चल, तुझा डाव” वाचून डोळे भरून आले.

अनवट

+१. आणि क्रुगरबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. तो स्वतः १९४५ मध्ये सोळा वर्षांचा असताना एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या, तुकडीत भरती केला गेला होता. अमेरिकी सैनिकांवर गोळी झाडायला त्याने नकार दिला म्हणून त्याला मृत्युदंड सुनावला गेला. दुसऱ्या एका अधिकाऱ्याने तो थांबवला म्हणून वाचला. पियरच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते सगळं अभिनयाच्या शाळेत शिकलेलं नाही.

मुक्काम पॅरिस

इथे आठ वर्षं राहते. धागा वाचून काल रविवार साधून व्हिल दाव्रेला जाऊन आले, त्याचा वृत्तान्त देते.

साँ-लाझार स्टेशनवरून एल लाइनची लोकल, सेव्र-व्हिल दाव्रेला उतरायचं. पॅरिसच्या पश्चिमेला, व्हर्सायच्या वाटेवर. मुंबईकरांसाठी सांगायचं तर बोरिवलीहून चर्चगेट याहून लांब. स्टेशनवरून उताराने चालत गेलं की तळी लागतात. दोन आहेत, एक जुनं आणि एक नवं. चित्रकार कोरो याच्या आईवडिलांचं घर इथेच होतं आणि त्याने ही तळी आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवली. आता त्यांना कोरोची तळीच म्हणतात.

काल थंडी होती. काठाची झाडं निष्पर्ण, पाणी शिसवी रंगाचं, वर धुकं इतकं की पलीकडचा काठ असून नसल्यासारखा. एक आजोबा नातवाला खडे वेचून देत होते. नातू खडा टाकायचा आणि वलयं काठाला लागेपर्यंत हात वर धरून थांबायचा. सिनेमात तोच खेळ आहे ना! पाण्यात खडा टाकला की वलयांमधून आपण आपल्या घरात शिरलो, असं ती मुलगी पियरला सांगते. मी पण एक खडा टाकला. वलय मोठं होत गेलं तसं त्यातलं झाडाचं प्रतिबिंब आधी तुटलं, मग हळूहळू परत जुळलं. सिनेमातलं सगळं डोळ्यासमोर आलं.

अनवट

वा! हेच तर दकाएने केलंय. सिनेमाभर थेट माणूस कमी दिसतो आणि पाण्यातलं, काचेतलं, आरशातलं त्याचं प्रतिबिंब जास्त. टीकाकार म्हणाले, नुसती सजावट. मला ती सजावट वाटत नाही. दिसतंय ते खरं आहे की पृष्ठभागावर हललेलं काहीतरी, असा प्रश्न प्रत्येक चौकटीत आहे, आणि या धाग्यावरचं आपलं भांडणही त्याचंच आहे. म्हणजे सिनेमाने संदिग्धता फक्त गोष्टीत ठेवली नाही, डोळ्यात घातली.

मुलूखगिरी

अवांतर: त्या गावात बघण्यासारखं आणखी काही आहे का? जूनमध्ये यायचा बेत आहे.

मुक्काम पॅरिस

चर्चमध्ये कोरोची चित्रं आहेत, ती बघा. लेखक-संगीतकार बोरिस व्हियाँचा जन्म याच गावातला. तळ्याला लागून मोठं रान आहे. पाऊस असला तर बुटांना चिखल लागेल, जुने बूट आणा. आणि या, चहा माझ्याकडे!

मोगरी

मला एका वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. नाव.

शाळेतल्या जोगिणी त्या मुलीला फ्रान्स्वाज म्हणतात, कारण तिचं खरं नाव ख्रिस्ती नाही. खरं नाव ती पियरलाही सांगत नाही. म्हणते, चर्चच्या शिखरावरचा तो धातूचा कोंबडा मला आणून दे, मग सांगेन. पियरला उंचीची भीती. नाताळला ती झाडावर त्याच्यासाठी एक काडेपेटी टांगते, आत कागदाचा कपटा, त्यावर लिहिलेलं: सिबेल. आशिया मायनरमधल्या जुन्या मातृदेवतेचं नाव. तेव्हा अजून कोंबडा आलेला नसतो. म्हणजे अट तीच मोडते आणि नाव आधीच देऊन टाकते.

माझं लग्न झालं त्या दिवशी ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने माझं नवीन नाव लिहिलं. सगळ्या हसत होत्या, मी पण हसत होते. तांदूळ पातळ पसरलेला होता म्हणून अक्षरांच्या जागी ताटाचं पितळ चमकत होतं. मग सासूबाईंनी ताट उचललं, तांदूळ एका बाजूला सरकला आणि अक्षरं गेली. पण नाव राहिलं. सत्तावीस वर्षं सगळे त्याच नावाने हाक मारतात. माहेरचं नाव आता फक्त माझा भाऊ घेतो, तोही फोनवर.

म्हणून मला तो काडेपेटीचा प्रसंग बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. कोणाला तरी आपलं खरं नाव सांगावंसं वाटणं ही किती मोठी भूक आहे! त्या पोरीला सांगायला दुसरं कोणी मिळालं नाही, हे दुःख आहे.

गोदाकाठ

मोगरी ताई, तुमचं ते नाव इथे लिहा ना. आम्ही त्याच नावाने हाक मारू.

मोगरी

तेच तर आहे. मोगरी.

सुरपारंब्या

❤️ मोगरी ताई!

बोरघाट

मोगरी ताई, नमस्कार.

मुलूखगिरी

समुपदेशिका, तुमचे दोन्ही प्रतिसाद परत वाचले. “ती घाबरलेली आहे” हे वाक्य डोक्यातून जात नाही. काल रात्री मी सिनेमाचा तो भाग पुन्हा लावून बघितला. ती लग्नाचं म्हणते तेव्हा मी इतकी वर्षं पियरकडेच बघत होतो. काल तिच्याकडे बघितलं. पात्रिसिया गोझीने ते कसं केलंय! आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघते, हा हसतो की गप्प राहतो ते तपासते, आणि मगच पुढचं बोलते. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला हे कोणी शिकवलं असेल? माझा ‘दोन मुलं खेळतायत’ हा मुद्दा मी मागे घेतो.

पण मग मादलेनचं काय? ती एका रविवारी त्यांच्या मागे जाते, लपून बघते, आणि तिची खात्री पटते की यात वावगं काही नाही. ती भोळी म्हणायची का?

समुपदेशिका

तुम्ही परत बघितलंत याचं खूप बरं वाटलं.

मादलेन भोळी नाही. ती जे बघते ते खरंच तसं आहे. पण ती काय तपासायला गेली होती? माझा माणूस वाईट आहे का, एवढंच. तो नाही, म्हणून ती सुखावते आणि घरी येते. त्या मुलीला आईबाप नाहीत, तिला दर रविवारी खोट्या नावाने बाहेर काढलं जातंय, याचं पुढे काय व्हायचं, हे ती विचारत नाही. नाताळच्या रात्री पियर सापडत नाही तेव्हा मादलेनच्या ओळखीचा डॉक्टर बर्नार्ड पोलिसांना कळवतो. तोही पियरबद्दलच विचार करतो, फक्त उलट्या दिशेने.

मला अनेकांनी विचारलंय की तू असतीस तर बर्नार्डसारखीच वागली असतीस ना? नाताळच्या रात्री, हो, मीही फोन केला असता. मध्यरात्र, चाकू हातात असलेला आजारी माणूस, झोपलेलं मूल. फोन करावाच लागतो. पण माझी जागा त्या रात्री नाही, पहिल्या रविवारी आहे. शाळेच्या दारात. सिस्टरने “तुम्ही कोण?” एवढंही नीट विचारलं नाही. त्यापेक्षाही सोपं, मुलीला बाजूला घेऊन “हे तुझे बाबा आहेत का गं?” विचारायला हवं होतं. आमच्याकडे आता शाळांमध्ये मुलाला न्यायला येणाऱ्याचं ओळखपत्र बघतात, २०१२ पासून मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा आहे, मुलांच्या मदतीचा १०९८ हा फोन नंबर भिंतीवर लिहिलेला असतो. तरीही मुलाला बाजूला घेऊन विचारणं राहून जातं. माझ्यासमोर आलेल्या प्रकरणांत ते कितीदा राहून गेलेलं असतं, ते मी इथे लिहू शकत नाही.

आणि विचारलं असतं तर कदाचित पियरही वाचला असता. तिला एक कुटुंब मिळालं असतं, मादलेन आणि पियर रीतसर भेटायला गेले असते. बोरघाट दादांच्या काकांना तुम्ही सगळी पोरं मिळालात, कारण तिथे अंगणात आजी बसलेली होती, वाटेवरून माणसं जात होती. गुपित काही नव्हतं.

बोरघाट

आजी होती. ओट्यावर शेंगा फोडत बसायची. तिचं लक्ष असायचं. आता लिहिताना आठवलं.

अनवट

हा प्रतिसाद वाचून मला शेवट वेगळा दिसला. पियर त्या रात्री चर्चच्या शिखरावर चढतो, भीती जाते, कोंबडा काढून आणतो. तो काढायला लागलेला चाकू हातात तसाच. पोलिसांना फक्त चाकू दिसतो. मी आजवर याला नियतीचा खेळ म्हणत होतो. पण तो चाकू नियतीने दिला नव्हता. इतक्या रविवारांत कोणी काही विचारलं नाही, म्हणून शेवटी अंधारात जे दिसलं त्यावरच सगळ्यांना ठरवावं लागलं.

गोदाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. माझ्या प्रश्नाकडे परत येते.

आज दुपारी शेवटची पाच मिनिटं पुन्हा लावली. मुलगी झोपेतून उठते. समोर पोलीस, दिवे, अनोळखी माणसं. एक जण तिला नाव विचारतो. ती रडत सांगते की मला आता नाव नाही, मी आता कोणीच नाही. पुण्यातल्या त्या सकाळी याच वाक्याला मी कोसळले होते, आणि तेव्हा मला वाटलं होतं की ती पियरसाठी रडते आहे. आज ऐकताना जाणवलं की पियर सोडला तर सिनेमाभर कोणत्याही मोठ्या माणसाला तिच्या खऱ्या नावाशी घेणंदेणं नव्हतं, आणि आता पोलीस विचारतायत तेही कागदावर नोंद करायला.

म्हणजे सिनेमा माझ्या मनात आहे तिथेच राहील. पण आता मी तो पियरची गोष्ट म्हणून सांगणार नाही, तिची म्हणून सांगेन.

लेक मागे येऊन उभी होती. “ही मुलगी का रडते?” तिने विचारलं. मी टीव्ही बंद केला नाही. तिला शेजारी बसवलं आणि सुरुवातीपासून सांगायला लागले. स्टेशनपर्यंत आलो होतो तेवढ्यात तिनेच विचारलं, “पण बाबा सोडून गेले तेव्हा तिने कोणाला सांगितलं?”

समुपदेशिका

हाच प्रश्न आहे. तिला काय सांगितलंत ते जमलं तर लिहा.

गोदाकाठ

तुला असं काही झालं तर तू कोणाला सांगशील, असं मी तिलाच विचारलं. तिने पाच नावं सांगितली. माझं तिसरं होतं. पहिलं आजीचं.

बोरघाट

बरोबर आहे पोरीचं.